घोंगड्यावरचा आखाडा

आमच्या आबांनी आयुष्यात बॉक्सिंगची एकही लढत पाहिली नाही, आणि तरी जगातल्या हेवीवेट चॅम्पियनांच्या जोडी त्यांनी लावल्या. त्याही आमच्या ओसरीत, घोंगड्यावर, दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर. मी हे सांगायला लागले की माझी सून हसते. तिला वाटतं, सासूबाईंनी पुन्हा तिखटमीठ लावायला सुरुवात केली. तिखटमीठ लावायची मला खोड आहे हे मी नाकारत नाही, पण हे मात्र मी जरा घटवूनच सांगते.

जोड लावणं हे आबांचं कामच होतं. शेती होती, पाटाच्या पाण्यावरची, ऊस आणि पेरूची. पण पुणतांब्याच्या आसपासच्या गावांत आबांना ओळखत ते जत्रेच्या आखाड्यातले पंच म्हणून. जत्रेत पैलवान चहूकडून यायचे आणि कोण कुणाशी लढणार हे आधी ठरलेलं नसायचं. आबा दोघांना पुढं घ्यायचे, खांद्याला खांदा लावून उभं करायचे, मनगट धरून बघायचे, मांडीवर थाप मारायचे. मग दोघांचे हात वर धरून आखाड्याला एक फेरी घालायचे. जोड चुकली तर कुस्ती चुटकीसरशी संपते, नाहीतर कुणाचा तरी हात मोडतो. आबांची जोड चुकली असं मी कधी ऐकलं नाही, आणि असलं काही झालं असतं तर भावकीनं ते मला ऐकवल्याशिवाय सोडलं नसतं.

त्यांचे नियम दोनच. दोघांचा होकार पाहिजे, आणि एका तालमीतल्या दोघांची जोड लावायची नाही. एका वर्षी शेवटच्या कुस्तीला दोनच पैलवान उरले, आणि दोघंही एकाच तालमीतले. लोक ओरडायला लागले, गावच्या पुढाऱ्यानं आबांच्या कानाशी येऊन आग्रह केला. आबांनी हलगीवाल्याला हात दाखवून हलगी थांबवली आणि आखाडा संपल्याचं सांगून टाकलं. घरी येऊन आईला म्हणाले, "रोज एकमेकाच्या पाठीवरची माती पुसत्यात ती पोरं. त्यांस्नी लोकांपुढं कशाला लावायचं?" तो सगळा आखाडा मी लांबून, शेजाऱ्यांच्या घराच्या धाब्यावर बसून पाहिला होता. बायकांना आखाड्याजवळ जागा नव्हती आणि तालमीच्या उंबऱ्याला तर पायही लावता येत नसे. कुस्तीतलं मला जे कळतं ते सगळं आबांच्या तोंडून आलेलं आहे.

माझ्या दादाला आबांनी दहा वर्षं तालमीत घातलं. दोन म्हशींचं दूध त्याच्या एकट्याच्या पोटात जाई. बदाम वाटायचं काम माझ्याकडे असे आणि पाटा धुवायच्या आधी मी बोट चाटत असे, तेवढाच माझा खुराक. एकाहत्तर सालच्या चैत्रात त्याला पहिल्यांदा शेवटच्या मानाच्या कुस्तीला उभं करायचं आबांच्या मनात होतं. त्याच्या महिनाभर आधी दादा मित्रांबरोबर नगरला गेला आणि लष्कराच्या भरतीत छाती मोजून आला. कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मागाहून म्हणाला, "मला एकाच गावच्या मातीत म्हातारं न्हाई व्हायचं." आबा तेव्हा तालमीत कुस्तीच्या हौद्यातली माती उकरून तिच्यात ताक आणि तेल मिसळत होते. दादानं उंबऱ्यातूनच सांगितलं. आबांनी खोरं थांबवलं नाही. एवढंच म्हणाले, "आजपासून तुजी तालीम येगळी."

दादा गेला. त्यानंतर आबा त्याचं नाव घेईनात. माझ्याशी बोलताना तो 'तुजा भाऊ' झाला आणि आईशी बोलताना 'तुजं पोरगं'. आईनं एकदा विचारलं, "आन तुमचं कोन?" आबा उठून मळ्यात गेले.

त्याच वर्षाच्या शेवटी लढाई झाली. दादा अजून नगरलाच ट्रेनिंगमध्ये होता, त्याला कुणी लढाईवर पाठवणार नव्हतं. पण लढाई चालू होती तोवर आबा रोज अकराच्या सुमाराला पाटाच्या पुलावर जाऊन उभे राहत. पोस्टमन सायकलवरून त्याच पुलावरून येई. मी म्हटलं, "आबा, पाटाला पानी तर न्हाई, काय बघताय?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दादाची पत्रं माझ्या नावानं येत. मी नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते आणि घरात लिहिणारी-वाचणारी मीच. पत्र मी आईला वाचून दाखवी ते मुद्दाम ओसरीत बसून आणि मुद्दाम मोठ्यानं. आबा बाहेर पेंड भिजवत असत. ऐकत नसल्यासारखं करत, पण मी वाचायला लागले की बादलीचा आवाज थांबे. एका पत्रात दादानं लिहिलं की त्याचा आडमाप देह पाहून साहेबांनी त्याला बॉक्सिंगच्या संघात घेतलंय. आबा बाहेरून म्हणाले, "गुद्दागुद्दी." त्या शब्दात इतका तिटकारा होता की आईनं पुढचं वाचायला खुणेनंच मनाई केली.

पुढच्या पत्रात पहिल्या लढतीची हकीकत आली. समोरच्यानं दादाच्या कानावर दोन गुद्दे दिले. दादाला काही सुधरेना. दहा वर्षांची सवय, हात आपोआप खाली गेले, त्यानं समोरच्याचा पाय उचलला आणि त्याला पाठीवर टाकला. टाकला तो टाकला, वर छातीवर बसून दोन्ही खांदे टेकवले आणि पंचाकडं पाहायला लागला, की आता जाहीर कर. मग उठून दोन्ही हात वर करून रिंगणाला एक फेरीही घातली. पंचानं त्याला बाद केलं. सगळी छावणी हसत होती, असं त्यानं लिहिलं होतं, आणि त्याला स्वतःला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

मी वाचून थांबले. आबा पेंडीचा हात तसाच घेऊन ओसरीत आले.

"हारला?"

"बाद केलं आबा."

"पाठ कुनाची लागली?"

"समोरच्याची."

"मग हारला कसा? त्याला लिही, पाडला ते बरं केलं."

आबांनी मला सांगितलेला तो पहिला मजकूर. मी तो जसाच्या तसा लिहिला आणि खाली माझ्या मनानं जोडलं, 'आबांचा तुला आशीर्वाद.' त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पण एका ओळीनं कुणाचं काय बिघडतंय, असा माझा हिशेब. पुढं दोन वर्षं मी ती ओळ प्रत्येक पत्रात लिहीत राहिले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाटाची आवर्तनं कमी झाली, विहिरीचा तळ दिसायला लागला, म्हशी आटल्या. तालमीतली पोरं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. दिवसभर घण मारून आलेल्या माणसाला कोण जोर-बैठका काढायला सांगणार? त्या साली जत्रेत फक्त लहान पोरांच्या, नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या झाल्या. आबांना जोड लावायला माणूस उरला नाही. दुपारभर ते ओसरीत बसून राहायचे आणि आल्या-गेल्यावर खेकसायचे. मी शाळेतून आले की माझ्यावर.

दादा तोवर लांब पंजाबात गेला होता. तिथल्या वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं रद्दीत निघाली, त्यांतून त्यानं हेवीवेट चॅम्पियनांचे फोटो कापले आणि पाकिटात घालून पाठवले. मागं प्रत्येकाची उंची, वजन, हातांची पोच आणि किती लढती जिंकल्या ते लिहिलं होतं. पत्रात त्यानं एक बातमी दिली होती. परदेशात कुणीतरी एका हिशेबाच्या यंत्रात जुन्या-नव्या सगळ्या चॅम्पियनांची माहिती घातली, आणि वेगवेगळ्या काळातले हे लोक एकमेकांशी लढले असते तर कोण जिंकलं असतं ते यंत्रानं सांगितलं. रेडिओवर त्याची कॉमेंट्रीसुद्धा झाली म्हणे.

आबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे मेलेल्या मानसाला उतरीवला?"

"व्हय."

"त्याला इचारलं का?"

"आबा, यंत्र हाय ते."

"मनगट धरलं न्हाई, मांडी बघितली न्हाई, होकार न्हाई. जोड लावली म्हनं." मग हात पुढं करून, "आन ते फोटो हिकडं."

त्या दिवसापासून आमच्या ओसरीत आखाडा सुरू झाला. घोंगडं अंथरायचं, फोटोंच्या समोरासमोर दोन ओळी लावायच्या, आणि आबांनी एकेकाला पुढं घ्यायचं. इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांना नवी नावं दिली. शंभर वर्षांपूर्वीचा एक आकडेबाज मिशांचा होता, तो मिशाळ. एकजण सगळ्या फोटोंत टाचा उचलून उभा, तो नाच्या. एकाला त्यांनी बैल म्हटलं आणि चष्मा नसूनही चष्मा लावल्यासारखा दिसणाऱ्या एकाला हेडमास्तर. वजनं पौंडांत होती. मी ती किलोत केली. आबा म्हणाले, मण-शेरात सांग. मी शाळेत पोरांना शिकवून आलेली, घरी पुन्हा त्रैराशिक. चिडून मी एकदा बैलाचं वजन सात मण, म्हणजे अडीचशे किलोच्या वर, सांगितलं. आबांनी फोटोकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुज्या शाळंतल्या पोरांचं कठीन हाय."

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच नापास केलं. कारण कान. कुस्ती खेळून खेळून पैलवानाचा कान मोडतो, पुरीसारखा फुगतो आणि तसाच राहतो. मोडका कान ही आमच्याकडं पदवी. "यांचं कान बघ, नव्या नवरीसारखं हायेत. ह्यांनी काय मेहनत केली?" मी तसं कळवलं. दादाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. 'आबांना सांग, कान नको, नाक बघा.' आबांनी सगळे फोटो पुन्हा काढले. एकेक नाक निरखलं. मग कबूल केलं, "व्हय. हिकडं मेहनत नाकात हाय."

मग त्यांनी काय काय विचारावं! मिशाळाच्या काळात लढत किती वेळ चालायची? उघड्यावर की छपराखाली? ऊन कुणाच्या डोळ्यात? नाच्याचा खुराक काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाचा वस्ताद कोण? दादा तिकडं कुठून कुठून माहिती काढी. त्यानं कळवलं की मिशाळाच्या काळी एकजण पडून उठेनासा होईपर्यंत लढत चाले, मग दोन तास होवोत की तीन. नाच्याच्या लढतीला मात्र वेळेची हद्द. आबा आठ दिवस विचार करत होते. शेवटी मला लिहायला बसवलं. "लिही. पह्यल्या अर्ध्या तासात नाच्या. त्याच्या म्होरं मिशाळ. तवा आधी हे ठरवा, कुनाच्या गावात लावायची. ज्याच्या गावात, त्याची कुस्ती." इतक्या वर्षांत मी अशा जुन्या-नव्याच्या वादांवर पुष्कळ वाचलं, क्रिकेटवाल्यांचं, गाण्यातल्या लोकांचं. आबांच्या या चार वाक्यांपलीकडं कुणी फारसं गेलेलं नाही.

एकदा दादानं लिहिलं की बैल आणि हेडमास्तर या दोघांचा वस्ताद एकच माणूस होता. एक वस्तादाच्या तरुणपणी त्याच्या हाताखाली होता, एक वस्तादाच्या म्हातारपणी. यंत्रानं या दोघांनाही लढवलं होतं आणि हेडमास्तरला जिंकवलं होतं. आबांनी समोरासमोरचे ते दोन्ही फोटो उचलले आणि एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवले. "एका तालमीतली जोड लावत न्हाईत, येवढं बी कळत न्हाई व्हय त्या यंत्राला?" मला हसू आलं. त्यांना अजिबात आलं नव्हतं.

दीड-दोन वर्षं असं चाललं. दुष्काळ सरला, पाटाला पाणी आलं, पोरं तालमीत परतली, तरी घोंगडं दुपारी अंथरलं जाई. पत्रातून बापलेक जगातल्या सगळ्या मल्लांबद्दल बोलले. पण आबांनी कधी 'कसा आहेस' विचारलं नाही, आणि त्यानंही 'येऊ का' विचारलं नाही. मधे मी बसलेली, दोघांचीही हमाल. कधी कधी वाटे, पेन फेकून द्यावं आणि दोघांनाही आखाड्यात ढकलावं.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर एक पाकीट आलं. आत एकच फोटो. दादा, अंगात बनियन, हातात मोजे, नाक बसलेलं. तो त्याच्या दलात हेवीवेटमध्ये पहिला आला होता. फोटोच्या मागं उंची, वजन, हातांची पोच, सगळं इतरांसारखंच लिहिलेलं. आणि पत्रात फक्त एवढं, 'आबांना विचार. भिंतीवरच्या फोटोत आबा चोवीस वर्षांचे आहेत. मीही आता चोवीसचा. दोघांची जोड लावली तर कोण? गाव आबांचं, माती आबांची, नियम आबांचे.'

मी हे वाचलं आणि आबांकडं बघायचं धाडस मला झालं नाही. मला कळत होतं की हा खेळ नाही. तीन वर्षांत जे त्याला विचारता आलं नव्हतं, ते त्यानं या वाटेनं विचारलं होतं. आबांनी फोटो घेतला, भिंतीवरचा फेटेवाला फोटो खाली काढला, दोन्ही घोंगड्यावर समोरासमोर ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिले. निकाल दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला. दादाचं पत्र आलं, 'काय ठरलं?' मी लिहिलं, 'अजून बघतायत.' त्या एका पत्रात आशीर्वादाची ओळ लिहायला माझा हात धजला नाही.

चैत्रात दादा रजेवर आला. पुणतांब्याला गाडीतून उतरून ट्रंक खांद्यावर घेऊन चालत आला. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आबा मळ्यात होते. संध्याकाळी आले, त्याच्या वाकलेल्या डोक्यावरून हात न फिरवताच म्हणाले, "जेवला का?" बस. जत्रा दोन दिवसांवर होती. जत्रेच्या दिवशी आबा आखाड्यात फेटा बांधून उभे आणि दादा गर्दीत, कुठल्याही परक्या माणसासारखा. धाब्यावरून मला दोघंही दिसत होते. आबांनी किती जोडी लावल्या, सगळ्यांची मनगटं धरली. गर्दीच्या त्या बाजूला मात्र एकदाही पाहिलं नाही. मला आबांचा इतका राग कधी आला नव्हता.

घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "ते आशीर्वाद तूच लिहीत हुतीस, व्हय ना?" मी चुलीतली लाकडं पुढं सारली. "म्हाईत हुतं मला. पर गेल्या बारीला ती ओळ न्हवती, तवा लई वाईट वाटलं." मग म्हणाला, "चार दिसांनी जातो परत. रजा हाय, पर र्‍हाऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. आबांनी सकाळीच घोंगडं अंथरलं होतं. त्यावर दोनच फोटो, समोरासमोर. त्यांनी दादाला हाक मारली. नावानं. आई चुलीपुढून उठून दारात आली.

दादा समोर बसला. आबांनी त्याचं मनगट धरलं, दाबून पाहिलं. खांदा चाचपला. मांडीवर थाप मारली. परक्या पैलवानाला बघत तसंच, सावकाश. मग हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि बसलेलं नाक पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलणार. त्यांनी डोकं आणखी वळवलं आणि दादाचा उजवा कान चिमटीत धरला. तो सोळाव्या वर्षीच मोडलेला कान होता.

"नाक कुठं मोडलं ते तुजं तुला म्हाईत," आबा म्हणाले. "कान हितं मोडलाय."

दादा मान खाली घालून बसला होता. "मग कोन जिकतंय आबा?"

आबांनी समोरासमोरचे फोटो उचलले, घोंगड्याच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी ठेवले, आणि वरून तळहात फिरवून सरळ केले.

"न्हाई लागत जोड. एका तालमीतली लावत न्हाईत."

 दादा उठला, कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि तालमीकडं गेला. जत्रेनंतर हौदा उकरायचा असतो. त्याच्यामागं आबा ताकाची कळशी घेऊन गेले. ते दोन फोटो मी तसेच राहू दिले. त्या दिवशी मला शाळेत जायला उशीर झाला, आणि हेडमास्तरांनी कारण विचारलं तेव्हा मला रडू फुटलं.